शून्य वजनाची दुपार

शिकलेल्या माणसाने विश्वास ठेवावा तो आकड्यांवर. माणसं काय, बोलता बोलता हसतात. बाळंतिणीला घरी सोडताना सिस्टर हसतच म्हणाल्या होत्या, “बाळाचं वजन आधी थोडं उतरतं, मग चढतं. काट्यावर डोळे लावून बसू नका. तुम्ही झोपा, नाहीतर आजारी पडाल.” कॉलेजात गणित घेतलेल्या बाईने हा सल्ला औषधांच्या पिशवीत तळाशी टाकला.

घरी रीतसर आलेख सुरू झाला. आडव्या अक्षावर दिवस, उभ्यावर ग्रॅम. जन्माच्या वेळी, सकाळी सहाला, तीन हजार दोनशे. रेषा उभ्या अक्षाला छेदते ती इथे. तिसऱ्या दिवशी तीन हजार वीस. दोन बिंदूंतून रेषा एकच जाते (याला सासूबाईंचीही हरकत नव्हती). उतार दिवसाला साठ ग्रॅम. तिने पट्टीने रेषा पुढे नेली, कागद संपला तिथे दुसरा चिकटवला, आणि आडवा अक्ष गाठला: त्रेपन्नाव्या दिवशी दुपारी दोन वाजता बाळाचं वजन शून्य होणार.

“नक्की दोनच ना?” नवऱ्याने विचारलं. त्याला अर्ध्या दिवसाची रजा टाकायची होती.

“अगं, दूध बघ कसं गटागटा पितंय!” सासूबाई म्हणाल्या. हा पुरावा आलेखात बसत नसल्याने फेटाळण्यात आला.

मग दर तासाला वजन (लंगोटासह आणि लंगोटाविना). सतरा पाहुणे येऊन गेले. सतराही जणांनी बाळाचं वजन विचारलं. इतर चौकशी: शून्य.

दहाव्या दिवशी सिस्टर घरी आल्या. काटा म्हणाला, तीन हजार दोनशे चाळीस.

“चढला की नाही गडी?” त्यांनी कागद उलटा केला. “आता तुमचा आलेख. बाळ व्हायच्या आदल्या रात्री किती झोपलात?”

“सात तास.”

“तिसऱ्या दिवसाच्या आदल्या रात्री?”

“साडेपाच.”

“आणि काल रात्री?”

“दोन.”

तिन्ही बिंदू एका रेषेत. पट्टीही लागली नाही. ही रेषा चौदाव्या दिवशीच आडव्या अक्षाला टेकत होती. काल बाळ हातातून निसटता निसटता राहिलं, हे तिने कुठेच मांडलं नव्हतं. सासूबाईंनी बाळ स्वतःकडे घेतलं.

तुम्हीही इथवर बाळाच्याच वजनाची काळजी करत आलात. असू दे, पाहुण्यांत तुमचा नंबर अठरावा. आता हे पान मिटा आणि तुमच्या घरात जी ‘मी ठीक आहे’ म्हणतेय ना, तिच्याकडे जाऊन या. काल किती तास झोपली, तेवढं विचारा.