दामूकाकांची सरकलेली गादी

हल्ली दामूकाकांच्या हातून काही खाली पडलं, की ते त्यावर पाय ठेवतात आणि तुमच्याशी गप्पा सुरू करतात. नोट असो, चष्म्याचं घर असो. तुम्ही कंटाळून, वाकून ते उचलून देईपर्यंत हवापाण्याचं बोलणं चालू. वर साळसूदपणे, "पडलं होतं व्हय? माझं ध्यानच नाय!"

पेणजवळच्या आमच्या हमरापुरात घरोघरी गणपती घडतात; आमच्या घराला लागून त्यांचा गणपतीचा कारखाना. दोघांनी धरायची मूर्ती काका एकटे उचलायचे आणि "कंबर दुखते ती कामचुकारांची" असं येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवायचे. यंदा मूर्ती उचलताना त्यांच्याच कमरेत कळ आली आणि सरळ डाव्या पायात उतरली. आता बोंबलायचं कुठल्या तोंडानं? शर्टाखाली पट्टा बांधला. कुणी विचारलंच तर, "ढेरी सुटत्येय रे."

बरं, यांची बायको, सुलाकाकी, पायाळू. पायाकडून जन्मलेल्या माणसानं पाय लावला की उसण जाते, असं आमच्याकडे मानतात. अर्धं गाव कंबर धरून तिच्या दारात येतं. आणि घरात पायाळू असताना हा बाबा चोरून गडब गावच्या पायाळूकडे गेला! त्या पैलवानानं असा काही पाय लावला, की काका रिक्षात आडवे होऊन परत आले.

शेवटी त्यांनी मला गाठलं. मी रोह्याला कंपनीत आहे, गाडीनं जातो. "पेणात नको रे. पेणात सगळे वळखतात." काकीला सांगितलं, रोह्याहून रंग आणायचाय. हमरापुरातून रंगासाठी रोह्याला! पेणच्या माणसानं पोहे आणायला पुण्याला जावं, तसं. काकी नुसतं "बरं" म्हणाली.

रोह्याच्या डॉक्टरांनी एमआरआय बघून नीट समजावलं. मणक्यांमधली गादी फुगून नस दाबतेय. बहुतेकांचं गोळ्या, चालणं आणि व्यायामावर भागतं. नाहीच भागलं तर मणक्यात इंजेक्शन. पण पायातली ताकद जायला लागली किंवा लघवीवरचा ताबा सुटला, तर एक क्षण थांबायचं नाही, तेव्हा ऑपरेशनच लागू शकतं. काकांनी सगळं मन लावून ऐकलं आणि विचारलं, "यातलं घरी न कळता होणारं कुठलं?"

व्यायाम शिकवणाऱ्या मॅडमनी त्यांना पालथं झोपवलं. बोलता बोलता म्हणाल्या, "तासन्‌तास वाकून बसणाऱ्यांनाही हा त्रास होतो. बिचाऱ्यांना रात्री कूस बदलायला भिंत धरावी लागते."

परत येताना नागोठणं मागे पडल्यावर काका म्हणाले, "सुला भिंत धरते रे."

"कधीपासून?"

"पोरगी झाली तवापासून. वाकून वाकून गणपती रंगवते. कंबर तुटते म्हणायची, तर मी म्हणायचो, नाटकं नकोत. आता माझी दुखते, हे कसं सांगू तिला? लाज वाटते रे. मेल्याहून मेल्यासारखं झालंय."

पुढच्या खेपेला बघतो तर गाडीपाशी काकी उभी, नवं लुगडं नेसून. काका तिच्या मागे, शाळेत मार खाल्लेल्या पोरासारखे. घरात काय बोलणं झालं, मी विचारलं नाही.

रोह्याला बाहेरचा बाक माणसांनी भरलेला. मॅडमनी नाव पुकारलं तसे काका उठले आणि तिथूनच मोठ्यानं म्हणाले, "आधी हिला बघा, मॅडम. हिचं दुखणं माझ्याच्या कितीतरी आधीचं हाय. मी नालायकानं कधी ऐकलंच नाय."

सगळा बाक वळून बघायला लागला. काकीनं पदर तोंडाला लावला. "हळू बोला ओ, लोक ऐकतायत."

"ऐकू देत," म्हणत काका तिला वाट देऊन बाजूला झाले.

काकीनं त्यांचं मनगट धरलं. "चला आत. मी एकटी नाय पालथी झोपायची तिथं."