तुळसाक्काची पाऊण फुली

तुळसाक्काला भाकरी वाढायला गेलं की ती ताटावर हात धरायची. "पाऊण. पाऊणच वाढ." मग पाव भाग मोडून परत टोपलीत.

चिंताकी गावात ती आमच्या शेजारी, भावाच्या घरी राहायची. पंधराव्या वर्षी नवरा गेला, तेव्हापासून तिथेच. निजामाचं राज्य होतं. चार यत्ता झाल्यावर मला शाळेतून काढलं आणि भरतकाम शिकायला तिच्या ओसरीवर बसवलं.

दुसुतीच्या जाड कापडावर सगळ्या गावाच्या पोपटांच्या चोची जिन्यासारख्या, पायऱ्यापायऱ्यांच्या. नुसत्या पूर्ण फुल्या घातल्या की तसंच होतं. तुळसाक्काची चोच गोल. कडेच्या घरात, म्हणजे विणीच्या चौकोनात, ती एक तिरका टाका अख्खा घालायची, दुसरा अर्ध्यावर थांबवून सुई घराच्या मधोमध खुपसायची. उरलेल्या कोपऱ्यात दुसरा रंग.

"एका घरात दोघं आले की एकाला पाऊण, एकाला पाव," ती म्हणायची. "भांडायचं न्हाई."

माझ्या रुखवताच्या तोरणावर दोन पोपट होते. लग्न आठ दिवसांवर आलं आणि तुळसाक्काने मी भरलेली चोच तीनदा उसवली.

"अक्का, एवढं कोन बघायलंय?"

"पोपट बघायलाय की."

आई ओरडली, "वऱ्हाड दारात आलं तरी उसवतच बसचील बघ!"

शेवटी दोन्ही चोची तिनेच भरल्या. खाली नाव माझं. गावातल्या प्रत्येक नवरीच्या तोरणाचं असंच. लग्नाच्या कापडाला विधवेचा हात लागला हे सांगायचं नसे. 'मीच केलं म्हन,' असं आईने मला दोनदा बजावलं होतं.

हुमनाबादला सासरच्या बायका रुखवत बघायला जमल्या. आत्तेसासूने चोचीवर बोट ठेवलं. "हे तूच केलीस?"

मला खोटं बोलता येत नाही असं नाही. पण ही बाई लगेच सुई हातात देऊन 'करून दाखव' म्हणाली असती.

"पोट नि पाय मी भरले," मी म्हणाले. "चोच शेजारच्या तुळसाक्काची. विधवा आहे ती."

आत्तेसासूने तोरण उलटून मागचे टाके बघितले. मग म्हणाली, "हात चांगलाय बाईचा."

मार्गशीर्षात येळवशीला, वेळ अमावस्येला, माहेरी आले. त्या दिवशी आमच्याकडे सगळे शेतात जेवतात. तुळसाक्का पंगतीत माझ्या शेजारी होती. मी तिला झालेलं सांगितलं.

"कुनासमोर सांगितलीस?"

"सगळ्या बायकांसमोर."

"नाव घेतलीस माझं?"

"व्हय."

"मग काय म्हनल्या?"

"हात चांगलाय म्हनल्या."

ती ताटाकडे बघत बसली. आई भाकरी घेऊन आली आणि सवयीने पाव भाग मोडायला लागली.

"मोडू नको," तुळसाक्का म्हणाली. "आख्खी वाढ."

अख्खी खाल्ली. मग दुसरी खाल्ली, सगळ्या भाज्यांची भज्जीही दोनदा घेतली. तिसरी भाकरी मी तिला दिली नाही. टोपलीत एकच उरली होती आणि मला भूक होती.