काशाभाऊ बसत नाहीत

काशाभाऊंना बसलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. मीच काय, खंडाळ्याजवळच्या तुंगार्लीतल्या आमच्या गल्लीत कुणीच पाहिलं नव्हतं. तळेगावला जाणारी एसटी निम्मी रिकामी असली तरी हे आपले दांडी धरून उभे. दाढी घरीच करत, कारण न्हावी आधी बसायला सांगतो. आमच्याकडे चहाला आले की कपबशी घेऊन दाराच्या चौकटीशी उभे राहत आणि माझा कप रिकामा झाला की स्वतःचा चहा अर्धवट सोडून माझा कप उचलून आत नेऊन ठेवत. माझ्या बायकोला, शैलाला, सुरुवातीला याचं फार कौतुक वाटलं. पुढे ती मलाही तसं करायला सांगू लागली, तेव्हापासून माझा काशाभाऊंवर थोडा राग आहे.

"बसा की," म्हटलं की उत्तर ठरलेलं. "आपलं कसंय मास्तर, गेस्ट बसला की स्टाफ उभा." मी शाळेत इंग्रजी शिकवतो. उभं राहून पोट भरणारा मीही आहे, पण घंटा झाली की मी बसतो. काशाभाऊंची घंटा काही होत नव्हती.

मूळचे ते मावळातल्या आंबीचे. थोरला भाऊ शेती बघतो. काशाभाऊ मिसरूड फुटायच्या आत घाटाच्या तोंडाशी आले आणि खंडाळ्याच्या एका हॉटेलात ताटं उचलायला लागले. तिथे ते कॅप्टन झाले. कॅप्टन म्हणजे जहाजाचा नव्हे. हॉलमध्ये गळ्याला काळा बो लावून ऑर्डर घेणारा आणि कोपऱ्यात रेंगाळणाऱ्या वेटरला नुसत्या भुवईने हलवणारा तो कॅप्टन. ती भुवई त्यांनी पुढे गल्लीतल्या कुत्र्यांवरही वापरली आणि कुत्रीही ऐकत.

सगळं जग त्यांनी टेबलांत वाटून टाकलं होतं. सात नंबर म्हणजे दरीकडच्या खिडकीचं, दोघांचं टेबल. बारा नंबर मोठ्या कुटुंबाचं; तिथे बोलतात सगळे आणि ऑर्डर कुणीच देत नाही. चार नंबर भटारखान्याच्या दाराला लागून. तिथे बसलेला माणूस तक्रार करणारच. नवीन माणूस भेटला की काशाभाऊ त्याला नंबर देऊन मोकळे होत. मला पहिल्याच भेटीत चार नंबर मिळाला होता. शैला म्हणाली, माणसाला पारख आहे.

आंबीला पुतण्याच्या लग्नात त्यांनी पंगत हातात घेतली, त्याची गोष्ट अजून तिकडे सांगतात. पंगतीत वाढपी समोरून वाकून वाढतो, हे साऱ्या मावळाला ठाऊक. काशाभाऊंनी वाढप्यांना ताकीद दिली की गेस्टच्या डावीकडून वाढायचं आणि उजवीकडून उचलायचं. मांडीला मांडी लावून बसलेल्या दोन पाहुण्यांच्या मधे शिरणार कसं? वाढपी बादल्या घेऊन लोकांच्या गुडघ्यांवरून उड्या मारायला लागले. या टोकाला बुंदी संपली तरी त्या टोकाला मीठ पोचलं नव्हतं. काशाभाऊ मात्र पंगतीच्या मधोमध, हात मागे बांधून, ज्याच्या पानात काहीच नाही अशालाही विचारत होते, "सगळं व्यवस्थित? अजून काही?" शेवटी थोरले भाऊ म्हणाले, "काशा, तू जा बाबा खंडाळ्याला. हितं मान्सं जेवाय आलीत."

"सगळं व्यवस्थित? अजून काही?" हे त्यांचं पालुपद. ते कुठेही निघायचं. काही वर्षांपूर्वी त्यांची बायको, सुमनवहिनी, थोड्याशा आजाराचं निमित्त होऊन गेली. लेक लांब, नाशिकला दिलेली. भेटायला येणाऱ्यांची रीघ लागली आणि काशाभाऊ हातात चहाचा ट्रे घेऊन त्यांच्यात फिरत होते. रडणाऱ्या बायकांपुढे वाकून हळूच विचारत होते, सगळं व्यवस्थित? एक नातेवाईक बाहेर पडताना म्हणाला, "बायको गेली तरी ह्याचं हॉटेल चालूच हाय." मलाही तेव्हा तसंच वाटलं.

त्यानंतर लौकरच हॉटेल बंद झालं. मालकाने जागा विकली आणि नोकरांना सांगितलं, जाताना आवडेल ती एकेक वस्तू न्या. कुणी फ्रिज नेला, कुणी मिक्सर. काशाभाऊंनी सात नंबरचं टेबल नेलं, दोन खुर्च्यांसकट. घराच्या खिडकीपाशी मांडलं, पांढरं कापड घातलं, पितळेचा सातचा आकडा घासून वर ठेवला. त्या टेबलावर जेवताना मात्र ते कधी दिसले नाहीत. ओट्यापाशी ताट ठेवून उभ्याने जेवत.

पावसाळ्यात रविवारी ते भुशीच्या धरणावर जायला लागले. तिथे पायऱ्यांवरून पाणी वाहत असतं आणि मुंबई-पुण्याची माणसं कपड्यांनिशी त्यात बसून कणसं खात असतात. काशाभाऊ पॅन्ट दुमडून त्या पाण्यात उभे राहत, एका भजीवाल्याच्या प्लेटा पोचवत, रिकाम्या उचलून आणत. फुकट. भिजून चिंब झालेल्या माणसाला विचारत, पाणी आणू का? मी म्हटलं, काशाभाऊ, हे काय चालवलंय. तर म्हणाले, "एवढी बसलेली मान्सं एका जागी दुसरीकडं कुटं घावणार?"

मग एका सकाळी ते मोबाइल घेऊन माझ्या दारात उभे राहिले. पुण्याच्या एका एजन्सीचा निरोप होता. मस्कतच्या एका मोठ्या हॉटेलाला अनुभवी कॅप्टन हवे होते आणि तिथली एक परदेशी बाई व्हिडिओवर मुलाखत घेणार होती. हातात एक आठवडा होता.

"मास्तर, एवढं झालं पायजे," काशाभाऊ म्हणाले. "हॉल सुटल्यापासनं जीव लागत न्हाई. आणि दोन-चार वर्सांनी मला कोण उभं करणार?"

पन्नाशी उलटलेल्या माणसाने मस्कतला जावं हे मला पटत नव्हतं. पण त्यांनी आयुष्यात पहिल्यांदाच काहीतरी मागितलं होतं. नाही तर ते नेहमी आणूनच देत.

तयारी सुरू झाली. एजन्सीच्या सूचना सोप्या होत्या: मागे साधी भिंत, तोंडावर उजेड, खुर्चीत ताठ बसा, कॅमेऱ्याकडे बघा. पहिल्या दोन गोष्टी जमल्या. मी लॅपटॉप टेबलावर ठेवून काशाभाऊंना खुर्चीत बसायला सांगितलं. वडिलांसमोर बिडी ओढायला सांगितल्यासारखे ते माझ्याकडे बघायला लागले. शेवटी खुर्चीच्या कडेला, पडेल न पडेल असे टेकले. शैला आतल्या खोलीतून परदेशी बाई झाली. तिचा चेहरा पडद्यावर आला मात्र, काशाभाऊ ताडकन उभे. पडद्यावर त्यांच्या शर्टाची दोन बटणं आणि पट्ट्याचं बक्कल तेवढं राहिलं. "गुड इव्हनिंग मॅडम," बक्कल म्हणालं.

पुन्हा बसवलं. पण बसल्यावर त्यांची जीभही बसत होती. उभ्याने जो माणूस सबंध मेनू इंग्रजीत एका दमात म्हणायचा, त्याला बसल्यावर स्वतःचं नाव सांगता येईना. कॅमेऱ्याकडे बघणं हाही वांधाच. कॅप्टनने गेस्टच्या डोळ्यांत बघायचं नसतं, खांद्याकडे बघायचं असतं, अशी त्यांची शिस्त. त्यामुळे पडद्यावर ते सारखे शैलाच्या खांद्यावर झुरळ असल्यासारखे बघत.

प्रश्नोत्तरांची वेगळीच तऱ्हा. स्वतःबद्दल सांगा, म्हटलं तर त्यांनी टोमॅटो सूपपासून सुरुवात केली. तुमच्यातले दोष कोणते, या प्रश्नावर ते अदबीने वाकले आणि म्हणाले, "सॉरी मॅडम, आज अव्हेलेबल नाही." मी डोकं धरून बसलो. शैला आतून हसत बाहेर आली आणि म्हणाली, हे उत्तर राहू दे, चांगलं आहे.

सगळ्यात जास्त घोटून घेतला तो एक प्रश्न: या वयात तुम्हाला परदेशी नोकरी का हवी? त्याचं उत्तर मी स्वतः तयार केलं होतं. नवी आव्हानं, अनुभवाचं सोनं, प्रगतीची संधी, असं ठसठशीत इंग्रजी. काशाभाऊंनी ते पाढ्यासारखं पाठ केलं. भांडी घासताना, कपडे वाळत घालताना ते भिंतीपलीकडून मला ऐकू यायचं.

बसण्याचा प्रश्न अखेर मीच सोडून दिला. माणूस बसत नाही तर लॅपटॉप उभा करू. मुलाखत त्यांच्याच घरी घ्यायची ठरली, कारण गेस्टच्या घरात स्टाफने इंटरव्ह्यू द्यायचा नसतो. सात नंबरच्या टेबलावर स्टूल, स्टुलावर तांदळाचा डबा, डब्यावर लॅपटॉप, अशी उतरंड केली. पांढरं कापड खराब होईल म्हणून काशाभाऊंनी स्टुलाच्या पायांना आधी मोजे घातले.

मुलाखतीच्या दिवशी दुपारीच ढग खाली उतरले. श्रावणात आमच्याकडे ढग खिडकी उघडी दिसली की आत येतात. काशाभाऊंनी जुना काळा बो लावला होता. मी टेबलाच्या बाजूला, कॅमेऱ्यात येणार नाही असा, घरून आणलेल्या खुर्चीत डबा धरून बसलो. बाई वेळेवर आल्या. गोऱ्या, चष्मा लावलेल्या, दमलेल्या दिसत होत्या. त्यांनी आधी काळजीने विचारलं, तुमच्या मागे धूर कसला? "नो स्मोक मॅडम, क्लाउड," काशाभाऊ म्हणाले. "कॉम्प्लिमेंटरी." बाई हसल्या आणि मी डब्यावरची पकड जरा सैल केली.

पुढचं सगळं सुरेख चाललं. भांडखोर गिऱ्हाईक, सांडलेलं सूप, रडणारं मूल, सगळ्यांना काशाभाऊंनी उभ्याउभ्या वाटेला लावलं. मग तो प्रश्न आला. बाईंनी कागद बाजूला ठेवून विचारलं, मिस्टर येवले, या वयात घर सोडून इतक्या लांब का यायचंय तुम्हाला?

मी मनातल्या मनात पहिला शब्द म्हटला. मग ओठ हलवून दाखवले. त्यांनी माझ्याकडे बघितलंच नाही. खांद्याची शिस्त सोडून ते सरळ कॅमेऱ्यात बघत होते. मग त्यांच्या हॉटेली इंग्रजीत, क्रियापदांची पर्वा न करता, ते जे बोलले ते असं होतं.

"मॅडम, माझी बायको गेली. मग हॉल गेला. घरात मी उभाच असतो. उभं असलं की वाटतं, कोणतरी बसलंय. खाली बसलो की दिसतं, कुणीच नाही."

माझं ठसठशीत इंग्रजी तिथेच राहिलं. ज्या माणसाला मी इतकी वर्षं हसत होतो त्याचं घर मी तेव्हा पहिल्यांदा नीट बघितलं. टेबलाशी दोन खुर्च्या होत्या आणि इथे आल्यापासून दोन्हींवर कुणी बसलेलं नव्हतं. मला फार वाईट वाटलं.

बाईंनी चष्मा काढला. मग म्हणाल्या, मिस्टर येवले, प्लीज, बसा.

गेस्टने सांगितलेलं मोडायचं नसतं. काशाभाऊंनी खुर्ची ओढली आणि बसले. कडेला टेकले नाहीत, पाठ टेकून बसले. लॅपटॉप तर वर, तांदळाच्या डब्यावर. पडद्यावर नुसती भिंत राहिली आणि त्यावरून सरकणारा ढग. बाई गोंधळून विचारायला लागल्या, मिस्टर येवले, तुम्ही आहात ना?

"येस मॅडम," खालून आवाज आला. "आय ॲम हियर."

मी डबा आणि स्टूल काढलं आणि लॅपटॉप खाली, टेबलावर, दुसऱ्या खुर्चीच्या समोर आणून ठेवला. राहिलेली मुलाखत सात नंबरवर समोरासमोर झाली. पाचच मिनिटं चालली असेल. शेवटी बाईंनी विचारलं, तुम्हाला काही विचारायचंय का? काशाभाऊ म्हणाले, "सगळं व्यवस्थित? अजून काही?"

दिवाळीनंतर ते मस्कतला गेले. किल्ली आमच्याकडे आहे. शैला आठवड्यातून एकदा जाऊन टेबल पुसून येते. मी बरोबर जातो, आणि ती पुसत असताना मी उभा असतो.

परवा त्यांचा व्हिडिओ कॉल आला. काळा बो, नवा कोट, मागे दिव्यांचा लखलखाट, काट्याचमच्यांची किणकिण. काशाभाऊ एका स्टुलावर ऐसपैस बसलेले. मी हबकलो. म्हटलं, काशाभाऊ, हॉलमध्ये गेस्ट नाहीत का?

"हाईत की. हॉल गच्च भरलाय," ते म्हणाले आणि मोबाइल फिरवून त्यांनी मला सगळी टेबलं दाखवली. "म्हणून तर जरा बसलोय, मास्तर."