पेटिग्रूच्या अंगणातली पाटी

"आठ दिवसांत त्या पेटिग्रूला गावाबाहेर काढला नाही, तर हॉलिस ट्रेंथम नाव लावणार नाही!"

ही घोषणा बेल्मोर कॉलेजच्या स्टेडियमबाहेर झाली. हॉलिस गाड्यांच्या गर्दीत, उघड्या पिकअपच्या मागच्या फळीवर उभा होता आणि हातातली डुकराची भाजलेली बरगडी तलवारीसारखी नाचवत होता. भोवतीच्या दहा-बारा जणांनी माना डोलावल्या. मामला तसाच होता. बेल्मोरची 'कासवं', म्हणजे कॉलेजचा अमेरिकन फुटबॉलचा संघ, नुकतीच अठ्ठेचाळीस-पंचेचाळीस अशी हरली होती, आणि तीही वॉरेन टेककडून! ज्या कॉलेजचं बँडपथक तीन सूर आणि एका झांजेवर चालतं, त्या वॉरेन टेककडून!

"पंचेचाळीस गुण केले आपण!" हॉलिस ओरडला. "एवढ्यात शेजारचे लोक दोन सामने जिंकतात!"

"आक्रमण चांगलंच आहे रे आपलं," बफर्ड ओग्ल म्हणाला. बफर्ड म्हणजे हॉलिसचा जुना दोस्त, निवृत्त दंतवैद्य. "रडायचं ते बचावफळीचं."

"बचावफळी? फळी कसली, फाटक आहे ते! सताड उघडं!"

शेवटचा डाव आठवून हॉलिसचं रक्त पुन्हा उकळलं. वॉरेन टेकचा एक किडकिडीत पोरगा बगलेत चेंडू मारून मैदानाच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला गेला, जसं कुणी दळण घेऊन निघावं. बेल्मोरचे चौघं त्याच्या अंगावर धावले. दोघं एकमेकांवर आपटले. तिसऱ्याने हवेला मिठी मारली. चौथा तर तो पोरगा कुणीकडे चाललाय हे बोटाने दाखवत उभा राहिला! त्यांना अडवायला शिकवतो तो हा लॅमार पेटिग्रू. कॉलेज याचा त्याला पगार देतं!

"पण काढणार कसा?" बफर्डने विचारलं.

"पाटी ठोकणार," हॉलिस म्हणाला.

टेनेसीच्या या भागात कोच नकोसा झाला की त्याला अर्ज-विनंत्या करत नाहीत. त्याच्या अंगणात 'घर विकणे आहे' अशी पाटी ठोकतात. शहाणा कोच काय ते समजतो आणि सामान बांधायला घेतो.

आता पाटी आणायची कुठून, हा प्रश्न हॉलिसला पडलाच नाही. त्याची बायको डार्ला घरं विकून देण्याचंच काम करायची, म्हणजे तसं तिच्या कार्डावर छापलं होतं. वसंतापासून तिच्याकडे एकही घर आलं नव्हतं. तिच्या पाट्या गॅरेजमध्ये भिंतीला टेकून धूळ खात होत्या. ऑफिसातल्या साहेबाने नुकतंच तिला बजावलं होतं, "मिस डार्ला, महिनाअखेर एक तरी घर आणा, नाहीतर पाट्या परत आणून द्या." त्या दिवसापासून डार्ला जेवणाच्या टेबलावर नीट बोलत नव्हती. हॉलिसलाही त्याचं वाईट वाटत होतं. पण बचावफळीएवढं नाही, हे खरं.

रविवारी सकाळी डार्ला चर्चला निघाली, तेव्हा हॉलिस पलंगावर कण्हत होता.

"पाठ धरलीय गं. तू जा. माझ्यासाठी प्रार्थना कर."

"तुझ्या पाठीसाठी की कासवांसाठी?"

"देवाला जे जमेल ते!"

गाडी कोपऱ्यावर वळताच पाठ बरी झाली. हॉलिसने गॅरेजमधली एक पाटी उचलली. वर ठळक अक्षरांत 'घर विकणे आहे', आणि खाली हसऱ्या डार्लाचा फोटो, नाव, फोन नंबर. तेवढ्या भागावर त्याने पुठ्ठा लावून चिकटपट्टी फिरवली. कोच मंडळी रविवारी सकाळी ऑफिसात बसून कालच्या सामन्याची चित्रफीत बघतात, आणि पेटिग्रूची बायको रोंडा चर्चला असणार, हा त्याचा हिशेब बरोबर निघाला. अंगणात चिटपाखरू नव्हतं. चार घाव घातले, पाटी उभी! घरी येऊन त्याने बफर्डला फोनवर एवढंच सांगितलं, "जा, बघून ये." आणि पाठीखाली उशी घेऊन विजयी मुद्रेने पडून राहिला.

पेटिग्रूच्या हिरवळीत आपोआप सुरू होणारे पाण्याचे फवारे आहेत, हे मात्र त्याच्या गावीही नव्हतं.

डार्ला दुपारी घरी आली ती फोन कानाला लावूनच.

"हो हो... नाही, मला कल्पना नाही... मी कळवते." तिने फोन ठेवला. तो लगेच पुन्हा वाजला. "हॉलिस! कुणीतरी माझी पाटी कोच पेटिग्रूच्या अंगणात लावलीय! चर्चमध्ये प्रवचन चालू असताना पर्समध्ये फोन नुसता थरथरत होता! मालकाच्या परवानगीशिवाय पाटी! माझं लायसन्स जाईल रे! कोण असेल हा गाढव?"

हॉलिसच्या तोंडचं पाणी पळालं. "ग... गावात गाढवं काय कमी आहेत! तू बस. पाणी पी. मी उपटून आणतो!"

"आणि तुझी पाठ?"

"प्रार्थना लागू पडली!"

पेटिग्रूच्या घरासमोर जत्रा भरली होती. बफर्डने 'बघून ये' हा निरोप गावभर पोचवला होता. गाड्या भोंगे वाजवत जात होत्या, कासवांच्या हिरव्या टोप्या घातलेली माणसं पाटीशेजारी उभी राहून फोटो काढत होती. पुठ्ठा भिजून लोळागोळा होऊन गवतात पडला होता आणि वरून डार्ला सगळ्या बेल्मोरकडे बघून हसत होती. हॉलिस कुणाशी न बोलता सरळ आत घुसला आणि पाटी हलवू लागला.

"ए! कोण तो? पेटिग्रूचा माणूस दिसतोय!"

"हॉलिस?" बफर्डचा आवाज आला. "अरे, काल तूच..."

"गप बस, बफर्ड!"

"फितूर! एका रात्रीत फितूर झाला!"

पाटी निघाली. हॉलिसने ती बगलेत मारली आणि धूम ठोकली. हिरव्या टोप्या चहूबाजूंनी आल्या. एकाला त्याने हुलकावणी दिली, दुसऱ्याला खांदा मारला. गाडी आता हाताच्या अंतरावर होती. तेवढ्यात बफर्ड ओग्लने डोकं खाली घातलं, दोन्ही हातांनी हॉलिसचे गुडघे कवटाळले आणि त्याला पाटीसकट ओल्या हिरवळीत असा आडवा केला की चिखल पार फाटकापर्यंत उडाला. त्या मोसमात बेल्मोर गावात झालेली ही पहिली खरी अडवणूक! आणि ती केली कुणी, तर गुडघा बदलून घेतलेल्या दंतवैद्याने! लोकांनी टाळ्या वाजवल्या.

टाळ्या एकाएकी थांबल्या. लॅमार पेटिग्रू गाडीतून उतरत होता. चेहरा उतरलेला, डोळे तांबारलेले. त्याच्या मागोमाग डार्लाची गाडी येऊन थांबली. तिला घरी राहवलं नव्हतं.

पेटिग्रूने चिखलातल्या हॉलिसकडे पाहिलं, त्याच्या बगलेतल्या पाटीकडे पाहिलं.

"हे सगळे पाटी लावायला आले," तो म्हणाला, "आणि तुम्ही एकटे ती काढायला आलात?"

हॉलिसच्या तोंडात गवत होतं. त्याने मान हलवली. त्या हलण्याचा अर्थ काय घ्यायचा, हे त्याने समोरच्यावर सोडलं.

"मला माफ करा, कोच," डार्ला रडकुंडीला येऊन म्हणाली. "पाटी माझी आहे, पण मी लावली नाही. देवाशप्पथ."

"तुम्ही घरं विकता?" पेटिग्रूने डोळे पुसले. "रोंडा कधीची मागे लागलीय मोठ्या घरासाठी. तिची आई राहायला येतेय. कॉलेजने गुरुवारीच माझा करार तीन वर्षांनी वाढवलाय." गर्दीतून एक दीर्घ कण्हणं उमटलं. "पण या गावात मी कुणाला विचारू? सगळे तोंड फिरवतात. ज्यांच्या घरात असा माणूस आहे, त्यांच्यावरच विश्वास ठेवीन मी. राहू दे ती पाटी. लावा परत."

हॉलिसने स्वतःच्या हाताने ती पाटी पुन्हा ठोकली. डार्ला बघत होती. तिला सगळं कळलं होतं, हे तिच्या हसण्यावरूनच दिसत होतं. फोटोतलं हसू जास्त प्रेमळ होतं.

पुढच्या शनिवारी हॉलिस नेहमीच्या जागेवर नव्हता. कोचच्या कुटुंबीयांसाठी राखून ठेवलेल्या रांगेत, डार्ला आणि रोंडा पेटिग्रू यांच्या मधोमध तो बसला होता. पलीकडच्या बाजूने बफर्ड दुर्बीण लावून त्याच्याकडेच बघत होता. खाली मैदानात फाटक सताड उघडं होतं.

"पाय! पाय धर त्याचे, नालायका..." हॉलिस उसळला. डार्लाचं कोपर बरगडीत बसलं. "...बाळा," त्याने वाक्य पूर्ण केलं.

"आम्ही इथे प्रत्येक वेळी टाळ्या वाजवतो," रोंडा हळूच म्हणाली. "समोरच्यांनी गुण केले तरी. आपल्या पोरांचा धीर खचू नये म्हणून. लॅमार तर आठवडाभर जेवत नाही हो, असा सामना झाला की." तिने हॉलिसचा हात धरला. "खरं सांगा. तीन वर्षं त्याने इथे राहावं असं वाटतं ना तुम्हाला?"

डार्ला त्याच्याकडे बघत होती. नदीकाठच्या नव्या घराची कागदपत्रं तिच्या मांडीवरच्या पर्समध्ये होती, सहीवाचून. इतक्या वर्षांत या स्टेडियममध्ये तो एवढं मोठं खोटं कधी बोलला नव्हता.

"तीन कशाला?" तो म्हणाला. "पाच राहू दे!"

रोंडाच्या डोळ्यांत पाणी आलं. "डार्ला, नदीकाठचं घर नको आम्हाला. तुमच्या शेजारचं रिकामं आहे म्हणालात ना? तेच घेतो. असा शेजार कुठे मिळायचा!"

डार्लाने पर्स उघडून कागदावरचा पत्ता बदलायला पेन काढलं. खाली वॉरेन टेकच्या पोरासारखाच आणखी एक किडकिडीत पोरगा एकटाच धावत सुटला, आणि हॉलिस ट्रेंथमने टाळ्या वाजवायला सुरुवात केली.