एका बटणाची गाडी

फेब्रुवारी १९७९, रविवार सकाळ. ठिकाण: मंगरूळपीर, आमच्या घरांच्या ओळीमागचं पटांगण. हजर: तायडेभाऊ, त्यांचा पुतण्या विलास (बोटीवर नोकरीला), शेजारचे गोपाळराव राऊत (खिडकीशी खाटेवर), त्यांच्या पत्नी सिंधूताई, आणि मी. शिवाय सिंधूताईंची बकरी, जिला कुणी बोलावलं नव्हतं. निमित्त: गाड्यांची शर्यत, आता फक्त नावाला. ही शेवटचीच, कारण गोपाळरावांना त्यांचा मुलगा त्याच आठवड्यात गावी घेऊन जाणार होता.

मी शाळेत मुख्याध्यापिका. चार माणसं जमली की हजेरी घेतल्याशिवाय मला पुढचं सुचत नाही.

तायडेभाऊ जमीन मोजणी खात्यातून निवृत्त झालेले. उभा जन्म लोकांच्या शेतांच्या धुऱ्यांवरून मोजणीची साखळी ओढण्यात गेला, त्यामुळे वाकडं काही दिसलं की त्यांना अंगाला खाज सुटल्यासारखं होतं. माझ्या दारात तिरप्या पडलेल्या चपला ते सरळ करतात आणि मगच कडी वाजवतात. एका नातेवाइकाच्या लग्नात, "मांडवाचा खांब रस्त्यात सरकला," म्हणून त्यांनी तो उपटायला लावला होता. नवरदेव तोवर उन्हात उभा. लग्न केलं नाही ते का, असं विचारलं तर म्हणतात, "बाई, माह्यासंगं कोण सरळ बसन?"

अशा माणसाला विलासने काही वर्षांपूर्वी जपानहून एक खेळणं आणून दिलं. पत्र्याची लाल शर्यतीची गाडी, आणि हातात धरायची एक डबी, तिला रेडिओसारखी वर ओढायची लांब तार आणि एकच बटण. गाडीला दोन गोष्टी येतात. चालू केली की सरळ पुढे जाते. डबीचं बटण दाबलं की मागे येते आणि येता येता डावीकडे वळते. सोडलं की पुन्हा सरळ. उजवीकडे जायचं तर तिला पटांगणभर फिरवून आणावं लागतं. मी एकदा म्हणाले, या वयात हे काय? तर म्हणाले, "हे सरळ जाते. तुमच्या मंगरुळात दुसरं काय सरळ जाते ते सांगा."

शेजारचे गोपाळराव आठ दिवस कुंपणावरून हे पाहत होते. नवव्या दिवशी म्हणाले, "मलेही पायजे. अशीच. लालच." विलासने पुढच्या सुटीत हुबेहूब तशीच आणली आणि पहिली शर्यत लागली. तायडेभाऊंनी बटण दाबलं. दोन्ही गाड्या मागे आल्या.

"तायड्या, माही गाडी कायले मांगं घेतं बे?"

"म्या माही घेतली. तुही आपल्या मनानं आली."

"मनानं? गाडीले मन आहे काय?"

महिनाभर दोघांत बोलणं नव्हतं. मग विलासचं पत्र आलं, की दोन्ही गाड्या एकाच लहरीवर चालतात. डबी कुणाचीही असो, बटण दाबलं की दोघी ऐकणार. भांडण मिटलं, पण शर्यतीचा निकाल लावणं मला भाग पडलं, कारण एकाच वेळी एकच गोष्ट करणाऱ्या दोन गाड्यांत कोण जिंकलं हे मालकांना ठरवता येत नव्हतं. तायडेभाऊंची गाडी जरा पुढे निघाली की गोपाळराव हटकून बटण दाबत. त्यांची स्वतःचीही मागे जायची. त्याचं त्यांना काही वाटत नसे.

पुढे गोपाळरावांना अर्धांगवायू झाला. उजवी बाजू गेली, वाचाही गेली. त्यांची गाडी कपाटावर चढली. तायडेभाऊ मात्र रोज संध्याकाळी आपली गाडी त्यांच्या खिडकीखाली सोडत आणि खुर्ची टाकून बसत. एकदा पाहिलं तर हात रिकामे, डबी घरात. गाडी भिंतीला धडकून तिथेच घरघरत होती, आणि एकाएकी स्वतःच मागे येऊन वळली.

"भाऊ, बिघडली काय गाडी?"

"नाई बाई. गोपाळ बोलून राह्यला." त्यांनी खिडकीकडे मान केली. गोपाळरावांच्या डाव्या हातात त्यांची डबी होती. "एकदा दाबलं तं हो. दोनदा दाबलं तं नाई. धरून ठेवलं तं शिव्या."

मी थोडा वेळ थांबून पाहिलं. तायडेभाऊंनी कापसाचा भाव सांगितला, सरपंचाची चहाडी केली, सिंधूताईंच्या भाजीत मीठ जास्त होतं का विचारलं. गाडी पुढे-मागे होत राहिली. शिव्याही बऱ्याच झाल्या.

तर त्या रविवारी विलासने नवी गाडी आणली होती. तिच्या डबीला दोन दांड्या. डावीकडे वळते, उजवीकडे वळते, हवी तिथे थांबते. विलासने ती बकरीच्या चार पायांमधून अलगद काढून दाखवली. बकरीसुद्धा बघत राहिली.

"काका, आता ती जुनी कुणालेतरी देऊन टाका."

"ह्या गाडीची लहर?"

"वेगळी आहे. दुसऱ्या कोणाचं आयकतच नाई."

"मंग कायले आणली?" तायडेभाऊंनी नवी गाडी खोक्यात ठेवली, खोकं ओट्याच्या कडेला समांतर लावलं आणि जुनी चालू केली. ती दोन हात गेली नाही तोच खिडकीतून बटण दाबलं गेलं. गाडी मागे फिरून बकरीच्या पायावर आदळली आणि तिथेच फिरत राहिली.

"पाह्य, सकायपासून शिव्याच देऊन राह्यला," तायडेभाऊ विलासला म्हणाले. चेहरा खुललेला होता.

सिंधूताई पदर सावरत म्हणाल्या, "भाऊ, येत्या रविवारी आमी इथं नसू."

तायडेभाऊंनी गाडी उचलली आणि खिडकीपासून पावलं टाकत निघाले. थोडं गेले की गाडी खाली ठेवायची, गोपाळरावांनी बटण दाबायचं. हापशीपर्यंत गाडी ऐकत होती. हापशीच्या पलीकडे ऐकेना. तिथून दोनदा मोजून परत आले.

"बाई, तुमची त्या गावात ओळख आहे. गोपाळच्या घराले लागून एखादी खोली पाहा. भाड्यानं. जास्तीत जास्त तिसरं घर, त्याच्यापुढं उपयोग नाई." मग गाडीची माती पुसत म्हणाले, "माहं आडनाव पहिलेच सांगजा. उगी चकरा नको."

मी पुढच्याच सुटीत बसने गेले. राऊतांच्या उजव्या हाताच्या घरात खोली रिकामी होती. आडनाव सांगितल्यावर मालकांना आठवलं की तीत कापूस भरायचा आहे. डावीकडच्या घरात पाहुणे येणार होते. कधी, ते ठरलेलं नव्हतं. राऊतांच्या मुलाला त्याच्या घराबद्दल विचारलं. तो अंगठ्याने ओट्याची माती खरवडत म्हणाला, "मले चालते बाई. घर मोठ्या काकाच्या नावानं आहे."

आत गोपाळराव खाटेवर होते. डबी उशाशी, तार पूर्ण वर ओढलेली. मी बसले होते तेवढ्यात त्यांनी दोनतीनदा बटण दाबलं आणि दाराकडे पाहिलं.

तिसऱ्या घराला कुलूप होतं. मालक अकोल्याला असतात. पत्ता मिळालाय, त्यांना भेटायचं राहिलं आहे.