अप्पांचा इन्व्हर्टर

दुष्काळाच्या त्या उन्हाळ्यात नांदेडच्या आमच्या गल्लीतल्या बायका टँकरमागं घागरी घेऊन पळत होत्या आणि बसलिंगअप्पा सायकलला डिस्टिल्ड वॉटरचा कॅन लटकवून शांतपणे घरी येत होते. ते पाणी माणसांसाठी नव्हतं, इन्व्हर्टरच्या बॅटरीसाठी होतं. शेजारची शेवंताबाई एकदा म्हणालीच, "आमची नरडी कोरडी, अन् यांची बॅटरी पाणी पिऊन राहिली." अप्पांचं उत्तर ठरलेलं असायचं, "तयारी लागती, मालक." बाईमाणसालाही ते मालकच म्हणत.

अप्पा पाटबंधारे खात्यात कारकून होते. निवृत्त झाले, बायको वारली, घरात एकटेच उरले. संध्याकाळी लोडशेडिंग सुरू झालं की गल्लीतले पंखे बंद पडत. अप्पांचा पंखा इन्व्हर्टर असून बंद. बॅटरीवर चालायचा तो कॉम्प्युटर, इंटरनेटचा डबा आणि एक बल्ब. त्याचाही उजेड खोलीत नाही, स्वतःच्या तोंडावर पाडलेला. खिडकीतून दिसायचं, घामानं निथळणारे अप्पा पडद्यासमोर बसून हातवारे करतायत. पोरं म्हणायची, अप्पा बँडवाल्यांना शिकवतात. मला वाटे, शेअर बाजारात बुडाले असावेत.

एकदा चित्र अडकलं म्हणून त्यांनी मला बोलावलं. मी एक वायर काढून परत घातली आणि पडद्यावर तिशीतली एक बाई उमटली. माझ्याकडं बघून हसली, मग अप्पांकडं बघत नाकावरचा नसलेला चष्मा वर सरकवला.

"मला हाक मारली तिनं," अप्पा म्हणाले. "लहानपणापासून बापाला असंच म्हणती."

ती नंदा, त्यांची एकुलती एक मुलगी. जन्मापासून ऐकू येत नाही. लातूरला दिलेली. फोन तिच्या काय कामाचा? सासरच्या रगाड्यातून संध्याकाळी थोडी सवड मिळे, तेवढीच. खुणांची भाषा खरी तिच्या आईची. आई गेल्यावर अप्पा म्हातारपणी ती शिकत होते, आणि शिकवत होती नंदाच. खूण चुकली की ती कपाळाला हात लावायची आणि अप्पा लाजायचे.

उन्हाळा वाढला तसं लातूरलाही नेमकं त्याच वेळेला लोडशेडिंग सुरू झालं. नंदाकडची लाईट गेली की अप्पांचा पडदा काळा. अप्पांनी दुसरा इन्व्हर्टर घेतला. अॅसिडची बॅटरी कंडक्टरनं एसटीत चढवू दिली नाही, तर भाजीच्या टेम्पोत ती दोन्ही पायांत धरून लातूरला गेले आणि स्वतः उभं राहून जोडून आले. आठवडाभर गल्लीत कुणी दिसलं की आपणहून सांगायचे, "पोरगी झ्याक दिसून राहिली आता."

मग पुन्हा पडदा काळा झाला. अप्पा एसटीनं जाऊन आले. मी विचारलं तर चष्मा पुसत म्हणाले,

"व्याह्यांच्या पंख्याला लावलीय बॅटरी. उकाडा लई हाय म्हणले. कॉम्प्युटर लुगड्यात गुंडाळून माळ्यावर टाकलाय."

"मग तुम्ही काही बोलला नाहीत?"

"काय बोलायचं? पोरीला तिथंच राहायचंय."

तरीही दुसऱ्या दिवशी संध्याकाळी लाईट गेली आणि अप्पांच्या खिडकीत बल्ब लागला. हात हलताना दिसले. मला बरं वाटलं, नंदा आली वाटतं म्हणून आत गेलो. पडद्यावर कुणी नव्हतं. अप्पा तिच्या रिकाम्या पडद्याला काहीतरी सांगत होते, मधेच थांबून एखादी खूण परत करत होते.

मी हळूच म्हणालो, "अप्पा, तिकडं कुणी नाही."

"ठाऊक हाय," हात न थांबवता ते म्हणाले. "पण सवय सुटली तर हात विसरतील. दिवाळीला ती आल्यावर काय बोलू तिच्याशी?"

मी खुर्ची ओढली आणि पडद्याकडं पाठ करून त्यांच्या समोर बसलो. अप्पांनी क्षणभर माझ्याकडं पाहिलं, बल्ब जरा सरळ केला आणि पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली. मला त्यातलं एक अक्षर कळत नव्हतं. लाईट आली, गल्लीतले पंखे फिरू लागले, तरी आम्ही दोघं उठलो नाही.