सहाव्या क्रमांकाचे गाडेकर अण्णा

गाडेकर अण्णांनी लग्नातून परतताना "जेवण चांगलं होतं" असं कधी म्हटल्याचं मला आठवत नाही. ते म्हणायचे, "वरण सरासरीच्या वर. भजी खाली. जिलबी बरोबर सरासरीवर. यंदाच्या नऊ लग्नांत हे सहावं." नवरीचा बाप शेजारी उभा असला तरी.

अण्णा कृषी खात्यात आकडेवारीचं काम करून निवृत्त झालेले. सिल्लोडकडच्या शेतांत ठरलेल्या मापाचा चौकोन आखायचा, तेवढंच पीक कापायचं, तोलायचं आणि अशा शेतांवरून गावाची सरासरी काढायची, यात त्यांचा जन्म गेला. गावात दुष्काळ आहे की नाही, हे त्या सरासरीवर ठरायचं. त्यामुळे ढोबळ बोलणाऱ्या माणसाचा त्यांना राग यायचा. यंदा दिवस वाईट आहेत, असं कोणी म्हटलं की ते चष्म्यावरून बघत म्हणायचे, "रकाना बोला. पाणी, ऊन का वीज?"

नळ आठवड्यातून एकदा येई आणि शहराबाहेर शेंद्र्याच्या कारखान्यांकडं मात्र नव्या इमारती रोज वर जात, अशी ती वर्षं. सिडकोतल्या आमच्या गल्लीत टँकर यायचा. अण्णांनी टँकरवाल्यांचेही तीन रकाने केले होते: वेळ, पाण्याचा जोर आणि बोलणं. एकाला त्यांनी तोंडावर सांगितलं, "वेळेत तुम्ही सरासरीच्या वर हाय, पण बोलण्यात लई खाली." पुढचे चार दिवस टँकर आला नाही. गल्लीनं अण्णांचा कोणता रकाना काढला, ते इथं लिहिता येणार नाही.

अशा माणसाच्या हाती बेसबॉल लागला.

त्यांचा मुलगा प्रदीप अमेरिकेत असतो. तिथं तो आणि त्याचे मित्र एक खेळ खेळायचे. खऱ्या खेळाडूंतून प्रत्येकानं आपला संघ निवडायचा. ते खेळाडू मैदानात जे करतील, त्याचे आकडे आपल्या संघाच्या नावावर जमा होतात. असे दहा संघ. एका वर्षी त्यांना दहावा माणूस मिळेना, तेव्हा प्रदीपनं सहज वडिलांचं नाव घातलं.

अण्णांनी बेसबॉलचा एकही सामना पाहिला नव्हता, आणि पुढंही पाहिला नाही. "शेत बघायची गरज नाय, तोल बघायचा," म्हणाले. लांबलचक वही केली. चेंडू मैदानाबाहेर मारणं, धावा, बेस चोरणं, म्हणजे फेकणाऱ्याची नजर चुकवून पुढच्या टप्प्यावर पळणं, असे दहा रकाने. रोज सकाळी कॉम्प्युटरवरून दहाही संघांचे आकडे उतरवायचे, रकान्याची सरासरी काढायची आणि आपला संघ तिच्या वर की खाली, ते लाल-निळ्या पेनानं लिहायचं. फिरायला निघालो की सांगायचे, "जाधवराव, या आठवड्यात आपल्याकडं चोरी लई कमी झाली." पुढं चालणाऱ्या बाया पदर सावरून वेग वाढवायच्या.

एवढं करून अण्णांचा क्रमांक कायम सहावा. प्रदीप पाचवा. प्रदीप चौथा आला की अण्णा पाचवे. तो घसरून सातवा झाला की हे आठवे. गल्लीत याची खूप थट्टा झाली, आणि ती करणाऱ्यांत मी पुढं होतो.

दर रविवारी सकाळी आठला प्रदीपचा फोन यायचा. आवाज मोठा ठेवायची अण्णांना सवय, म्हणून आम्हालाही ऐकू यायचं. "काय अण्णा, पुन्हा माझ्या मागंच?"

"व्हय रे बाबा. तुझ्या पोरांनी लई मारलं यंदा."

"तुमचा तो चेंडू फेकणारा, पिचर, काढून टाका आता. म्हातारा झालाय."

"म्हातारा म्हणून काढायचा का?"

मग तिकडून हसणं, आणि हसता हसता नातीची शाळा, सुनेची नोकरी, तिथला बर्फ. अर्धा तास सहज जायचा.

मग अण्णांच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं. आठ दिवस कॉम्प्युटरच्या पडद्याकडं बघायचं नाही. त्यांनी वही आणि पासवर्ड माझ्या हाती दिला. "रोजचे आकडे फक्त उतरवा. बाकी कशाला हात लावू नका."

मी निवृत्त शिक्षक. दुसऱ्याच्या वहीतली चूक दिसली की हात शिवशिवतो. दुसऱ्याच दिवशी माझ्या लक्षात आलं की मैदानाबाहेर मारण्याचा अण्णांचा रकाना सरासरीच्या खाली आहे, आणि सर्वांत जोरात मारणारे त्यांचे दोन गडी बाकावर बसवलेले आहेत, म्हणजे त्यांचे आकडे संघात धरलेच जात नाहीत. मला वाटलं, डोळ्यांमुळं बिचाऱ्यांना दिसलं नसेल. मी दोघांना मैदानात उतरवलं. अण्णांच्याच पद्धतीनं आणखी दोन रकाने सुधारले. आठवडाभर माझे गडी असे खेळले की मी घरी पेढे आणले.

रविवारी अण्णा काळा चष्मा लावून बसले होते. म्हणाले, "वाचा."

"अण्णा, आपण चौथे."

 अण्णा हळूच म्हणाले, "आन पद्या?"

"पाचवाच."

आठ वाजले. साडेआठ झाले. फोन आला नाही.

"तुम्ही काय केलं का, जाधवराव?"

"मी? छे. तुम्हीच ऑपरेशनच्या आधी गडी बदलले असतील. दिसत नव्हतं ना तुम्हाला."

हे मी बोललो, आणि नंतर गल्लीभर सांगितलं, की अण्णांनी मोतीबिंदूच्या भरात संघ वर नेला. लोक अजून हसतात. ते खोटं आहे. तो हात माझा होता.

पुढच्या रविवारीही फोन आला नाही. त्याच्या पुढच्याही नाही. तिसऱ्या रविवारी अण्णा आपणहून बोलले.

"लहानपणी कॅरममध्ये माझ्याकडनं हरला की दोन दिवस बोलायचा नाय. म्हणून मी हरायचो. बायको गेल्यावर तो म्हणला, घर विका आन इकडं या. मी नाय म्हणलं. मग वर्षभर फोनवर आपलं, जेवलात का, टँकर आला का. तेवढंच. या खेळानं बोलणं आलं." त्यांनी वही पुढं ओढली. "दहा रकान्यांत त्याच्यापेक्षा थोडंथोडंच खाली राहायचं. लई खाली गेलं तर त्याला मजा नाय. सरासरी काढल्याशिवाय जमत नाय हो ते."

संघ मीच वर नेला, हे त्याच वेळी सांगायला हवं होतं. सांगितलं नाही.

"आता खाली कसं यायचं, ते बघू," म्हणाले.

साठलेले आकडे परत जात नाहीत. पद्या वर येईपर्यंत आपण थांबायचं, एवढंच हातात होतं. मग आम्ही दोघं म्हातारे रोज सकाळी टँकरच्या रांगेत हंडे लावून हरायचा विचार करत बसायचो. चांगले गडी बाकावर, दुखापतवाले मैदानात. त्यातला एक दुखापतवाला नेमका बरा झाला आणि पहिल्याच दिवशी त्यानं दोनदा चेंडू बाहेर मारला. अण्णांनी कपाळाला हात लावला. "याला कुणी सांगितलं बरं व्हायला?"

सहाव्या रविवारी प्रदीप वर गेला. आठ वाजून दोन मिनिटांनी फोन वाजला. "काय अण्णा, आले ना खाली?"

"व्हय रे बाबा," अण्णा म्हणाले, आणि फोन मांडीवर ठेवून चष्मा पुसत बसले. प्रदीप तिकडून हॅलो, हॅलो करत राहिला.

मधले पाच रविवार मी त्या घरात बसून पाहिलेले आहेत. ते कसे गेले, हे प्रदीपला माहीत नाही. आता अण्णा नाहीत, म्हणून हे लिहून त्यालाही पाठवतो आहे.

तर, त्या वर्षीच्या हिवाळ्यानंतर अण्णांच्या दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. नवा मोसम सुरू होता. दवाखान्यात जाण्याआधी अण्णांनी वही माझ्या हाती दिली, लाल-निळे पेन दिले आणि म्हणाले, "आकडे रोज सकाळी पद्या फोनवर सांगणार हाय तुम्हाला. तसं ठरवलंय मी." पासवर्ड त्यांनी दिला नाही. मीही मागितला नाही.